कोळशावरून झालेल्या खरडपट्टीला उत्तर

काकू, नमस्कार.

'पहिल्यांदा कामाडो पेटवताय?' या, जाड मातीच्या झाकणवाल्या ग्रिलवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते मी दोनदा वाचलं. एकदा रागाने, एकदा चहा घेऊन. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. काकू सध्या लेकाकडे शार्लटला आल्या आहेत. लेकाने नवा कामाडो घेतलाय, आणि माझा लेख वाचून तो ब्रिकेटच्या (म्हणजे कोळशाच्या पुडीच्या दाबून केलेल्या वड्यांच्या) दुप्पट भावाची लंप कोळशाची (म्हणजे लाकडाच्या अख्ख्या, ओबडधोबड तुकड्यांच्या कोळशाची) पिशवी घेऊन आला. काकूंचं म्हणणं असं: पंचवीस वर्षं शेगडीवर स्वयंपाक केला, वखारीतून येईल तो लोणारी कोळसा वापरला, त्याचं कूळ-गोत्र कधी विचारलं नाही. ब्रिकेट एका मापाच्या असतात, संथ जळतात, मग नवशिक्याला त्याच बऱ्या नाहीत का? लाकडाचा स्वाद वगैरे सगळ्या थापा. कोंबडीच्या सहा तंगड्यांसाठी कामाडोचं भांडंभर कोळसा ओतायला सांगणं ही उधळपट्टी. आणि शेवटी, "रॉकेलचा बोळा लावला की पाच मिनिटांत पेटतं, त्यावर अर्धं पान कशाला?"

स्वादाचं आधी मान्य करून टाकतो. लाकडाचा कोळसा होतानाच त्यातलं वासाचं बरंचसं उडून गेलेलं असतं. नीट फुललेल्या ओकच्या आणि हिकरीच्या निखाऱ्यांतला फरक डोळे बांधून मला ओळखता येणार नाही. तंगडीला जो खमंग वास लागतो तो चरबी निखाऱ्यांवर ठिबकते म्हणून, नाहीतर वरून टाकलेल्या लाकडाच्या ढलपीमुळे. 'ओकचा मंद स्वाद' हे मी पिशवीवरचं वाचून लिहिलं होतं. काढून टाकतो.

पण शेगडीचा दाखला कामाडोला लागू पडत नाही, आणि आपलं खरं भांडण इथेच आहे. शेगडी वरून उघडी. तोंडाशी पुठ्ठ्याने वारा घातला की फुलते, नाही घातला तर मंदावते. राख साठली की सळईने जाळी खडखडवली, राख खाली, पुन्हा धग. कामाडो म्हणजे झाकण लावलेला जाड रांजण. तसा हा शब्द जपानीत चुलीचाच. भात शिजवायचे मातीचे मुशिकामाडो दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांनी तिकडून घरी आणले, आणि १९७४ साली आमच्या अटलांटात बिग ग्रीन एग सुरू झाली. असो. या रांजणाला खाली एक सरकती झडप आणि वर एक टोपी, हवेला एवढ्याच दोन वाटा. आच वाढवायची-कमी करायची म्हणजे या दोन फटी मोठ्या-लहान करायच्या. आता मधल्या कोळशाच्या ढिगातूनच हवा वर चढत नसेल, तर खालची झडप सताड उघडून काय उपयोग? म्हणून कोळसा घेताना मी तुकड्यांमध्ये राहणाऱ्या फटी बघतो.

ब्रिकेटचा त्रास इथे सुरू होतो. ती म्हणजे भुशाच्या कोळशाची पूड, स्टार्चने बांधलेली; काहींत चुनखडीसुद्धा असते. त्यामुळे राख जास्त. ती राख जाळीतून खाली पडते आणि नेमकी जिथून हवा आत यायची तिथेच साठते. झाकण लागलेलं, वर तापलेली जाळी, जाळीवर मांस. सळई घालायची कुठून? तासाभराच्या स्वयंपाकात हे जाणवणार नाही. म्हणजे सहा तंगड्यांपुरत्या साध्या ब्रिकेट चालतील, इथे तुम्ही जिंकलात. पण लेक आज ना उद्या डुकराचा खांदा बारा तास २२५-२५० अंश फॅरनहाइटवर ठेवायला जाणारच (सगळेच जातात), आणि त्या रात्री आच का पडतेय हे शोधत तो पहाटे चारला अंगणात उभा असेल. हात बसायचाच आहे तर लंपवरच बसू दे, एवढंच माझं म्हणणं.

'ब्रिकेटने कामाडोचं वाटोळं होतं' हे लेखातलं माझं वाक्य मात्र चुकलंच. त्यामागची गोष्ट सांगतो. माझ्या पहिल्या पेटवणीला मी गॅरेजमध्ये पडलेली झटपट पेटणाऱ्या ब्रिकेटची पिशवी वापरली. त्या पेट्रोलियम द्रवात भिजवलेल्या असतात, हे पिशवीवर ठळक लिहिलेलं होतं, मी वाचलं नाही. पनीर टिक्क्याला असा वास आला की लहानपणी स्टोव्हवरच्या पोळीला येणारं रॉकेल आठवलं. आणि तो वास महिनाभर हटेना, कारण कामाडोची माती सच्छिद्र, ती असलं सगळं पिऊन घेते. तेव्हापासून मी समस्त ब्रिकेटजातीला दोष देत आलो. गुन्हा द्रवाचा होता.

तुमच्या रॉकेलच्या बोळ्याचं उत्तरही यातच आलं. शेगडी लोखंडाची, तिला फरक पडत नाही. इथे नको. पेपर टॉवेलला खायचं तेल चोळा, वातीसारखा पीळ द्या, कोळशात मधोमध खुपसा आणि पेटवा. एकाच ठिकाणी. सगळीकडून पेटवलं तर आच हातात राहत नाही. सुरुवातीला पांढरा दाट धूर येईल, त्यात काही शिजवलंत तर कडवट लागेल. धूर विरळ होऊन दिसेनासा होईपर्यंत थांबायचं, अर्धा-पाऊण तास तरी.

दुकानात लेकाला सांगा, पिशवी उचलून हलव. खाली वाळूसारखं खसखसलं तर चुरा जास्त, म्हणजे फटी बंद. वरून चाचपून बघ, मुठीएवढे तुकडे लागले पाहिजेत, सोबत थोडे लहान. नारळाएवढे धोंडेही नकोत, ते पेटायला वेळ खातात. घरी आल्यावर दोन तुकडे एकमेकांवर वाजवा, आपण मडकं वाजवून घेतो तसे. नीट भाजलेला कोळसा किणकिणतो. बद्द वाजला आणि टोकाशी तपकिरी लाकूड दिसलं, तर तो कच्चा, धूर करणार. एवढं बघितलं की साधा ओकचा लंप पुरे. बिंचोतान हा जपानी पांढरा कोळसा कितीही नावाजलेला असो, पहिल्या दिवशी तो पेटवता पेटवता जेवणाची वेळ टळेल.

आणि मेस्कीट नको, हे पुन्हा सांगतो. तुम्ही विचारलंत, 'त्याने काय घोडं मारलंय?' आपल्याकडे माळावर माजलेली वेडी बाभूळ असते ना, तिच्याच वंशातलं हे झाड. कोळसा कडक, धग जबरदस्त, पण तडतडतो. झाकण उघडलं की ठिणग्या अंगावर. शेगडीपासून हात लांब कसा ठेवायचा हे तुम्हाला ठाऊक आहे, लेकाला अजून शिकायचंय.

आता उधळपट्टी. वखारीचा कोळसा मोजून घातलेल्या माणसाला भांडंभर कोळसा खुपणार, हे कळतं. पण कोळसा जास्त म्हणजे आच जास्त हे शेगडीचं गणित. इथे आच हवेवर ठरते. कमी घातला आणि मध्येच संपला, तर तापलेली जाळी उतरवून भर घालावी लागते, नवशिक्याचे हात तिथेच भाजतात. जेवण झालं की झडप आणि टोपी दोन्ही बंद करा, आग गुदमरून विझते. सकाळी उघडाल तर निम्म्याहून जास्त कोळसा तसाच असेल. उरलेले निखारे डब्यात टाकून घट्ट झाकण लावायची आपल्याकडची रीत तुम्हाला नव्याने सांगायला नको. इथे कामाडो हाच डबा. पुढच्या वेळी तो ढवळून राख झाडायची आणि वरून थोडा नवा घालायचा. तरी लंप ब्रिकेटइतका स्वस्त पडेल असं मी म्हणणार नाही.

लेकासाठी दोन गोष्टी, ज्या मूळ लेखात राहून गेल्या. तंगड्यांना ३७५ अंश हवे असतील तर ३२५ लाच झडपा कमी करायला लाग. जाड माती एकदा जास्त तापली की तासभर निवत नाही. आणि झाकण एकदम उघडू नकोस. आधी दोन बोटं उचल, थांब, मग पूर्ण. हवेला आसुसलेले निखारे अचानक हवा मिळाली की भडकतात, माझ्या उजव्या भुवईला विचार.

पिशवी परत करू नका, काकू. तंगड्या उतरल्या की दोन वांगी थेट निखाऱ्यांवर ठेवा, तेवढी धग उरलेली असते. भरीत शेगडीवरच्यासारखं झालं का, ते इथेच खाली लिहा. नसेल झालं तरी लिहा.