खुनी कळला, मग पुढची पानं कशाला?

आज एका वाचनग्रुपवर कुणीतरी रशियन लेखक दस्तयेवस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरीची खिल्ली उडवली. म्हणे, "खुनी पहिल्याच भागात कळतो, मग पुढची पानं कशाला?" खाली हसणाऱ्या इमोजींची रांग.

कशाला म्हणजे? नायक रस्कोल्निकोव सावकारीण म्हातारीला कुऱ्हाडीनं मारतो, अवचित आत आलेल्या तिच्या बहिणीलाही मारतो, आणि तिथून पुढं तर खरी कादंबरी!

माझे बाबा पोलीस ठाण्यात रायटर होते. जन्म जबाब लिहिण्यात गेला. कादंबरी कधी हातात धरली नाही, म्हणून ही मी त्यांना जेवताना सांगायचो. दुहेरी खून झाला तरी ते शांतपणे भाकरी मोडत होते. पुढं रस्कोल्निकोव त्याच घरी परत जातो, दारावरची घंटा वाजवून बघतो, तिथल्या कामगारांना रक्ताबद्दल विचारतो. तिथं त्यांचा हात थांबला. "येतात," म्हणाले. "असे परत येतात."

दस्तयेवस्कीनं हे जवळून पाहिलं होतं हो! १८४९ मध्ये त्याला गोळ्या घालायला म्हणून चौकात नेलं, ऐनवेळी शिक्षा बदलली आणि चार वर्षं सैबेरियातल्या ओम्स्कच्या तुरुंगात खुन्यांबरोबर काढायला लावली. तुमच्या वेब सिरीजवाल्यांनी निदान एक रात्र तरी लॉकअपमध्ये काढलीय का?

बरं, मधली काही प्रकरणं रटाळ आहेत आणि एकेका माणसाला तीन-तीन नावं, मान्य. खुनी कोण, अशी कोडी घालणारे रशियनही आहेत. रहस्यकथा लिहिणाऱ्या अकूनिनचा गुप्तहेर फान्दोरिन मीही जागून वाचलाय.

बाबांचा जीव मात्र पोर्फिरीवर. तपास अधिकारी, हातात धड पुरावा नाही, तरी अटकेची घाई नाही. समोर बसून "खून तुम्हीच केलात" म्हणतो आणि स्वतःहून हजर व्हायला सवड देतो. आणि हे कधी? तर मिकोल्का नावाच्या रंगाऱ्यानं, ज्याचा खुनाशी काही संबंध नाही, आधीच कबुली दिलेली असताना!

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्याकडे तिथंच फाइल बंद झाली असती."

नंतर कितीतरी दिवस ताटावर बसले की विचारायचे, "त्या रंगाऱ्याला सोडलं ना रे?"

दस्तयेवस्की त्याचं पुढं काय झालं ते नीटसं सांगत नाही. मी आपलं "सोडलं" म्हणून सांगून टाकलं.