प्लग बघ, प्लग!

माझा उजवा दंड कालपासून माझ्याशी बोलत नाही. होडीच्या इंजिनाची दोरी ओढून ओढून त्याची ही गत झाली. पण दंडाचं दुखणं मलम चोळलं की जाईल. ज्याला मलम नाही ते दुखणं काल धक्क्यावर टोपी घालून उभं होतं.

आधी इंजिनाचं सांगते. छोटं आउटबोर्ड आहे, टू-स्ट्रोक, होडीच्या मागच्या फळीला टांगलेलं. ते सरळ बंद पडलं असतं तर मी काही बोलले नसते. हे सुरू होतं. कधी पहिल्या ओढीला, कधी खांदा निखळायच्या बेतात आल्यावर. मग गुरगुरत निघतं, धक्का दिसेनासा होईल इतकं लांब नेतं आणि दोन आचके देऊन गप्प बसतं. जरा वेळ गेला की पुन्हा जसं काही झालंच नाही अशा थाटात सुरू. पूर्ण मेलेलं इंजिन बरं हो, मेकॅनिकसमोरही ते मेलेलंच राहतं. आमचं तिथे पहिल्या झटक्यात सुरू होतं. "मस्त चाललंय की ताई!" असं म्हणून मेकॅनिक प्लग बदलतो आणि मला घरी पाठवतो. माझ्याकडे आता जुन्या पण ठणठणीत प्लगांचा डबा साठलाय.

म्हणून काल ठरवलं, होडी धक्क्याला घट्ट बांधायची, गिअर टाकून इंजिन तिथेच पळवायचं आणि ते बंद पडताना रंगेहाथ पकडायचं. सोबत भाचा होता. वय बारा. मोबाइलला रेंज आहे तिथपर्यंतच त्याला जलविहार मान्य असतो. तो पुढच्या फळीवर मान खाली घालून बसला होता आणि मी मागे प्लगचा पाना घेऊन कोपरापर्यंत काळी झाले होते.

टोपी आली. थोडा वेळ नुसती बघत राहिली. मग माझ्या डोक्यावरून भाच्याला हाक गेली, "काय रे, पप्पा कुठायत?"

"ऑफिसला."

"मग इंजिन कोण बघतंय?"

भाचा खोटं बोलत नाही. त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. टोपीने मला पान्यापासून पायापर्यंत नीट पाहून घेतलं, "बरं," म्हणाली आणि पुन्हा भाच्याकडे वळली. "प्लग बघितलास का रे?"

"मावशी, प्लग बघितलास का?"

"बघितला म्हणावं. कोरडा आहे."

"कोरडा आहे म्हणतेय."

"म्हणजे ओव्हरफ्लो झालंय."

आता ओव्हरफ्लो झालं की प्लग पेट्रोलने ओला निघतो. कोरडा प्लग म्हणजे पेट्रोल वरपर्यंत पोचतच नाही. हे मी थेट टोपीला सांगितलं, स्वच्छ मराठीत, आवाज न चढवता. टोपीने शांतपणे ऐकून घेतलं आणि भाच्याला म्हणाली, "मग प्लग बदल."

पुढचा सगळा संवाद असाच दुभाष्यामार्फत झाला. दुभाष्याचं अर्धं लक्ष मोबाइलमध्ये.

"पेट्रोलमध्ये ऑइल किती घालता?"

"मावशी, ऑइल किती?"

"पन्नासाला एक. पाच लिटरला १०० मिली."

"पाचला ५०० मिली."

एवढं ऑइल खरंच घातलं असतं तर धुरात आम्ही तिघंही एकमेकांना दिसलो नसतो. (मला चाललं असतं.) टोपी मात्र गंभीर झाली. "तरीच! कमी पडतंय."

"१०० मिली!" मी ओरडले.

"तेही कमीच आहे."

अशा वेळी मला ओल एविनरूड आठवतो. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला हा गृहस्थ. त्याच्या प्रेयसीला, बेसला, म्हणे आइस्क्रीम हवं होतं. तो वल्ही मारत तळं ओलांडून गेला आणि परत येईपर्यंत उन्हात आइस्क्रीम वितळलं. त्या रागातून १९०९ साली त्याचं आउटबोर्ड इंजिन बाजारात आलं. त्याच्याआधी कॅमरन वॉटरमननेही असं इंजिन बनवलं होतं, पण त्याच्या गोष्टीत आइस्क्रीम नाही, म्हणून त्याला कुणी विचारत नाही. बेस एविनरूडची बायको झाली, धंद्याची बाजू तिने सांभाळली, आणि 'वल्ही मारू नका, फेकून द्या!' ही जाहिरात तिचीच असं सांगतात. बाई, बाकी सगळं मान्य, पण वल्ही फेकायची नसतात. आमच्या तळ्यावर मी कितीदा तरी वल्ह्यांच्याच जोरावर घरी आलेय. तेव्हाच्या कुठल्या तरी टोपीने बेसलाही "यजमान आहेत का?" असं विचारलंच असणार.

आता लिहिताना हसू येतंय. काल येत नव्हतं. सुट्या भागांच्या दुकानात नळी मागितली की "कुणी पाठवलंय?" मेकॅनिककडे गेलं की तो बिघाड समजावतो माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कुणाही पुरुषाला. एकदा तो पुरुष स्वतःच्या स्कूटरची हवा भरायला आलेला होता. त्यानेही मान डोलावत सगळं ऐकून घेतलं! चूक एकट्या टोपीची नाही. पण काल हाताशी तीच होती.

तेवढ्यात इंजिन सुरू झालं आणि त्याच्या बाजूच्या भोकातून पाण्याची बारीक धार उडायला लागली. "गळतंय, गळतंय! बोट लाव रे, बोट!" टोपी ओरडली. ती धार असायलाच हवी. थंड करणारं पाणी फिरतंय याची खूण असते ती, आणि धार थांबली तर इंजिन ताबडतोब बंद करायचं असतं. हे माझ्या तोंडातून बाहेर पडेपर्यंत भाचा उठून मागे आला, एका हातात मोबाइल धरून दुसऱ्या हाताचं बोट त्याने भोकावर दाबलं, आणि वाचलेलं सगळं पाणी माझ्या चष्म्यावर.

ओल्या चष्म्याने मी पेट्रोलच्या नळीतला रबरी पंप हातात धरून बसले. हा हाताने दाबायचा फुगा असतो, सुरू करण्याआधी टाकीतलं पेट्रोल वर चढवायला. काही मिनिटांत इंजिनाने पहिला आचका दिला आणि माझ्या मुठीत फुग्याचं पोट खपाटीला गेलं. दाबला तर इंजिन सावरलं, सोडला तर पुन्हा आचके. म्हणजे इंजिन पेट्रोल मागतंय आणि टाकीकडून येत नाहीये. अडथळा फुग्याच्या पुढे असता तर फुगा टणक राहिला असता. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता. अख्खं झाकण काढून पाहिलं, तरी तेच. टाकीतली जाळी स्वच्छ.

राहिली नळी. बाहेरून ती अगदी धडधाकट होती. सुरीने उभी चिरली, तर आतलं अस्तर सुटून त्याची जीभ आत लोंबत होती. पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुन्या नळ्यांचं असं होतं. इंजिनाने जोरात ओढलं की ती जीभ वाटेत आडवी, ओढ थांबली की हळूहळू बाजूला. म्हणून थोडा वेळ थांबलं की सुरू. इतके प्लग बदलले गेले, पण नळीकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

पेटीत नव्या नळीचा तुकडा होता. तो कापून दोन्ही टोकांना क्लिप आवळल्या, फुगा टणक होईपर्यंत दाबला आणि दोरी ओढली. सुरू. गिअर टाकला, तरी सुरू. मी घड्याळ लावून बसले. त्याने आचका म्हणून दिला नाही.

"शाब्बास रे पठ्ठ्या!" टोपीने मांडीवर थाप मारली. "मी म्हटलं नव्हतं? प्लगच होता!"

भाच्याने मोबाइलमधून मान वर केली. "थँक्यू, काका."

टोपीने धक्क्यावरचा दोर सोडून त्याच्या हातात दिला. "जपून ने हं. आणि मावशीला मागेच बसव."

मागेच बसले. हँडल तिथेच असतं.