मिलिंदराव, पीआरपीबद्दलच्या तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर (जरा लांबलंय)

मिलिंदराव, तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन सुटावं अशी ती नाहीये, म्हणून हे वेगळं लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते, मागच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की हेअर ट्रान्सप्लांटच्या पॅकेजमध्ये पीआरपी (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट एकवटून डोक्यात टोचतात ते), एक्सोसोम (पेशी बाहेर सोडतात त्या अतिसूक्ष्म पिशव्या), 'स्टेम सेल' (ज्यांच्यापासून नव्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) असं जे जे घुसडतात त्यातल्या बऱ्याच गोष्टींना पुरावा तोकडा आहे. त्यावर मिलिंदरावांचं म्हणणं असं की त्यांच्या मेहुण्यांनी ट्रान्सप्लांटबरोबर पीआरपी घेतलं आणि चौथ्या महिन्यातच केस दिसायला लागले, क्लिनिकवाल्यांनी तर सांगितलं की आता केसगळतीच्या गोळ्यांचीही गरज नाही, स्वतःचंच रक्त वापरतात तर धोका कसला, परदेशात एक्सोसोम सर्रास चालतं, आणि "तुम्ही रक्तपेढीत काम करता, डॉक्टर नाही, लोकांना उगाच घाबरवू नका."

शेवटचं आधी घेते. डॉक्टर नाहीच मी, कधी म्हटलंही नाही. पण पीआरपी म्हणजे रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून त्यातल्या प्लेटलेट एकवटणं, आणि प्लेटलेट वेगळ्या काढणं हे आमचं रोजचं काम, तेव्हा त्या ट्यूबमध्ये काय असतं यावर बोलायचा थोडा हक्क मला असावा.

तर ट्यूबचंच बघा. आपल्या रक्तात एका मायक्रोलिटरला साधारण दीड ते साडेचार लाख प्लेटलेट असतात, आणि पीआरपी म्हणायचं तर तो आकडा दहा लाखांच्या आसपास जायला हवा असं बरेच जण मानतात. रक्त फिरवलं की खाली लाल पेशी बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा येतो आणि मधे एक पातळ पांढरट थर. माल सगळा त्या थरात आणि त्याच्या लगेच वर असतो. वेग जास्त झाला की प्लेटलेट लाल पेशींबरोबर खाली जातात, घाई केली की सिरिंजमध्ये वरवरचा प्लाझ्माच येतो, आणि चुकीची ट्यूब वापरली, म्हणजे सायट्रेटच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावाच्या) ट्यूबऐवजी सीबीसी या साध्या रक्ततपासणीची, जांभळ्या झाकणाची, ईडीटीए हे वेगळं रसायन असलेली, तर प्लेटलेट फुगतात. पण पेशंटला काय दिसतं? पिवळं पाणी. चांगलं पीआरपी पण पिवळंच आणि वाईट पण पिवळंच. एक थेंब सेल काउंटरला लावला की मिनिटभरात आकडा कळतो, पण तो पेशंटला लिहून दिलाय असं मी फारसं बघितलेलं नाही. मुंबईच्या सायन हॉस्पिटलच्या डॉ. रचिता धुरत यांनी २०१४ मध्ये पीआरपी नीट कसं बनवायचं यावरच एक लेख लिहिलाय, क्लिनिकवाल्यांनी वाचावा असा आहे.

आता मेहुणे. ट्रान्सप्लांट केलेले केस दोनेक ते चार आठवड्यांत बहुतेक गळून पडतात (तेव्हा माणसं जाम घाबरतात, ते नॉर्मल आहे), आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून नवीन यायला लागतात, खरा रिझल्ट वर्षाने. हे पीआरपी न घेताही होतं. म्हणजे चौथ्या महिन्यात केस दिसले याचं श्रेय सर्जनच्या हाताला द्यायचं की पीआरपीला, हे त्या एका डोक्यावरून कळायला काही मार्गच नाही.

कळायला तुलना लागते. ब्राझीलचे प्लास्टिक सर्जन कार्लोस उएबेल यांनी २० जणांच्या डोक्यावर दोन छोटे भाग आखले, एकात ग्राफ्ट (मुळासकट काढलेले केसांचे बारीक पुंजके) तसेच लावले, दुसऱ्यात प्लेटलेटच्या द्रावात भिजवून. २००६ मध्ये आलेला निकाल असा की साध्या भागात चौरस सेंटीमीटरला १६.४ ग्राफ्ट जगले, भिजवलेल्या भागात १८.७. म्हणजे साधारण १४ टक्के जास्त. भारतातही २०१६ मध्ये ४० जणांवर असाच प्रयोग झालाय, ऑपरेशन चालू असतानाच निम्म्यांना पीआरपीची इंजेक्शनं दिली आणि त्यांचे केस लवकर आले. त्यामुळे पीआरपी म्हणजे शुद्ध फसवणूक असं मी म्हणत नाही, मागच्या पोस्टमध्येही म्हटलेलं नाही, पुन्हा बघा. फक्त ते १६.४ पण बघा ना, प्लेटलेटशिवायच जगलेले!

आणि ते वरचे दोन-अडीच ग्राफ्ट जिथे मिळतात तिथेच ते घालवताही येतात. ग्राफ्ट मागून काढला की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, नवीन जागी नीट जुळायला काही दिवस लागतात, तोवर तो आजूबाजूच्या द्रवावर कसाबसा तगतो. प्लेटलेटमधले ग्रोथ फॅक्टर नव्या रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात म्हणून तिथे पीआरपीचा उपयोग होत असावा, हे पटण्यासारखं आहे. पण शरीराबाहेर ग्राफ्ट किती वेळ राहिला याचाही हिशोब आहे, पहिल्या काही तासांत तासाला साधारण एक टक्का ग्राफ्ट मरतात असं धरतात. भातलावणीत उपटलेली रोपं बांधावर किती वेळ पडून राहिली याला जे महत्त्व तेच इथे. गार सलाइनमध्ये ठेवले का, चिमट्यात मुळं चिरडली का, काढताना किती कापले गेले, आणि मुळात काढतंय कोण, डॉक्टर की पंधरा दिवसांचा कोर्स केलेला पोरगा. २०१९ मध्ये मुंबईत नऊ हजारांहून जास्त ग्राफ्ट एकाच बैठकीत लावून घेतल्यावर एक व्यावसायिक दगावले होते, ते आठवत असेल. २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनला ही सर्जरी कोणी करायची यावर वेगळ्या सूचना काढाव्या लागल्या त्या उगाच नाही. पॅकेजवर मात्र ठळक अक्षरात असतं 'पीआरपी फ्री'.

आता माझं खरं भांडण. "पीआरपी झालंय, आता गोळ्या नकोत" हे मेहुण्यांना सांगितलंय ना, ते मला अजिबात पटत नाही. डोक्याच्या मागच्या बाजूचे केस पुढे लावले तरी ते आपला मूळ, न गळण्याचा स्वभाव सोडत नाहीत, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५९ मध्ये दाखवून दिलं आणि सगळं ट्रान्सप्लांट त्यावरच उभं आहे. पण त्या लावलेल्या केसांच्या मधले आणि मागचे जे तुमचे जुने केस आहेत ते डीएचटी या पुरुषी हार्मोनमुळे बारीक होतच राहतात. पीआरपी डीएचटीला हातही लावत नाही. मग पाच-सात वर्षांनी पुढे लावलेल्या केसांची झालर आणि मागे मोकळं मैदान! २००५ मध्ये एक अभ्यास आला, ट्रान्सप्लांटच्या चार आठवडे आधीपासून ते नंतर ४८ आठवडे काही पुरुषांना फिनास्टेराइड (डीएचटी कमी करणारी गोळी) १ मिलीग्रॅम दिलं आणि काहींना नुसती खोटी गोळी. गोळीवाल्यांपैकी ९४ टक्के जणांचे केस वाढलेले दिसले, खोट्या गोळीवाल्यांत ६७ टक्के. गोळीचे साइड इफेक्ट आहेत, थोड्या पुरुषांना लैंगिक तक्रारी होतात, म्हणून ती डॉक्टरशी बोलूनच घ्यायची किंवा नाही घ्यायची, पण 'गरज नाही' हे उत्तर होत नाही. अगदी सुयांचा रोलरसुद्धा घ्या, त्याच डॉ. धुरत यांच्या टीमने २०१३ मध्ये १०० जणांवर बघितलं, मिनॉक्सिडिल या डोक्याला लावायच्या औषधाबरोबर दर आठवड्याला मायक्रोनीडलिंग (म्हणजे हा रोलर फिरवणं) केल्यावर १२ आठवड्यांत ठरलेल्या जागेत सरासरी ९१ केस वाढले, नुसत्या मिनॉक्सिडिलवर २२. यात रक्त नाही, सेंट्रिफ्यूज नाही, म्हणूनच बहुतेक त्याचे बोर्ड लागत नाहीत.

एक्सोसोमचं म्हणाल तर तिथे 'स्वतःचंच रक्त' हा मुद्दाच गळून पडतो. ते दुसऱ्या कोणाच्या तरी पेशींतून येतं, कोणाच्या चरबीतून, कोणाच्या नाळेतून, काही तर चक्क गुलाबाच्या पेशींतून. परदेशात सर्रास चालतं म्हणता, पण अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, डिसेंबर २०१९ मध्ये याच उत्पादनांबद्दल लोकांना सावध केलं होतं, आणि मंजुरी अजून एकालाही नाही. बऱ्याच बाटल्या कॉस्मेटिक म्हणून, फक्त वरून लावायला विकल्या जातात आणि इथे त्या सुईने टोचतात.

स्टेम सेलवर मात्र मी नाक मुरडत नाही, उलट मला सगळ्यात गंमत तिथेच वाटते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या गार्झा, कॉटसारेलिस वगैरे मंडळींनी दाखवलं की टक्कल पडलेल्या जागेतही केसांच्या स्टेम सेल शिल्लक असतात, त्यांच्यापासून पुढची पेशी तयार होणं तेवढं अडलेलं असतं. त्याही आधी, १९९९ मध्ये, एका पुरुषाच्या डोक्यातल्या केसाच्या मुळाशी असलेल्या पेशी एका बाईच्या हातावर लावल्या तर तिथे केस उगवले! पण या पेशी प्रयोगशाळेत वाढवायला घेतल्या की केस उगवायची खोड विसरतात आणि गाडी तिथे अडते. आपल्याकडे आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे रक्ताचे काही आजार सोडले तर मंजूर ट्रायलच्या बाहेर स्टेम सेल कोणाला देता येत नाही, तेव्हा पॅकेजमध्ये तो शब्द दिसला की बाटलीत नक्की काय आहे ते लेखी मागा.

मेहुण्यांना एवढंच सांगा, पुढच्या सिटिंगला प्लेटलेट काउंट लिहून मागायचा, रक्तातला आणि पीआरपीतला, दोन्ही. गोळीबद्दल क्लिनिक सोडून दुसऱ्या एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला विचारायचं. आणि एक्सोसोमचे पैसे आगाऊ भरले असतील तर ते परत मिळतात का तेही बघा, पावती असेल तर आत्ताच मागा.