‘एसीत बसून लिहिणाऱ्या’ माणसाचं उत्तर

‘एक कामगार’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, खाली जशीच्या तशी आहे. हजेरी, रजा, पगारपत्रक मोबाइलवर आणणाऱ्या कंपन्यांच्या बाजूने मी लिहिलं. त्यावर तुमचं म्हणणं असं: घासलेल्या बोटांचे ठसे मशिन घेत नाही, अ‍ॅप इंग्रजीत असतं, चेहऱ्याचा फोटो कुठे जातो ते कुणी सांगत नाही, आणि ‘एसीत बसून लिहिणाऱ्यांना शॉपफ्लोअर काय कळणार?’

इंग्रजीचं मान्य. रजेचा अर्ज मराठीत करता आलाच पाहिजे.

पण एसी? अहो, सातपूरच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसला होतो मी, पत्र्याच्या खोलीत. एप्रिलात पंखा गरम हवाच फेकायचा. पुढ्यात मस्टर आणि महिनाअखेरीला ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. सुपरवायझरची सही नाही? चिठ्ठी बाद. मशिन थंड ठेवणारं कूलंट सांडून तासांचा आकडा पुसला गेला? तीही बाद. 1948 च्या कारखाने कायद्याचं कलम 59 जादा कामाला दुप्पट दर द्या म्हणायचं. पण तास कागदावरच नसेल तर दुप्पट कशाची? माणसं खिडकीशी येऊन माझ्याशी भांडायची आणि मी ‘साहेबांना विचारतो’ म्हणून वेळ मारून न्यायचो. साहेब काय म्हणणार ते दोघांनाही ठाऊक असायचं.

त्यामुळे पंचिंगची वेळ थेट पगाराच्या हिशेबात जाते, कुणी तास कापले तर त्याची नोंद मागे उरते, याचं मला अप्रूप आहे, आणि राहणार. पीएफचंही तेच. पगारातून कापला पण भरलाच नाही, हे पूर्वी नोकरी सोडल्यावर कळायचं. आता यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा नंबर, टाकून पीएफ सांभाळणाऱ्या ईपीएफओचं ऑनलाइन पासबुक उघडा, दिसतं. हे कामगाराच्या विरोधात कसं, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. टोमणा मारायला बरी जागा सापडली!

ठसे उठत नसतील तर चेहरा किंवा कार्ड वापरावं, त्यात काय एवढं. फोटोसारख्या वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी 2023 चा कायदा आहे, नियमही नोव्हेंबर 2025 मध्ये आले. वाचा की जरा. आणि ही प्रतिक्रिया तरी तुम्ही पोस्टकार्डावर पाठवलीत का?

पुढच्या वेळी नाव नको तर नका लिहू, निदान कारखान्यातलं खातं सांगा. ग्राइंडिंगला असाल तर ठशांबद्दल बोलायचा तुम्हाला हक्क आहे. पण मग सरळ ठशांबद्दलच बोलायचं होतं, माझ्या एसीबद्दल कशाला?