‘लाईट नाहीच, चढ बिनधास्त’ म्हणणाऱ्यांना उत्तर

‘लाईनमन पुस्तकात नाही, खांबावर घडतो’ असा एक मेसेज आयटीआय करून लायनीवर आलेल्या पोरांच्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या हाताखालच्या पोरांनी मलाही पाठवला. त्यातला एकेक मुद्दा घेतो.

‘शेतीचा फीडर बंद असला की परमिट कशाला?’ फीडर म्हणजे सबस्टेशनातून निघणारी लाईन; परमिट म्हणजे ती बंद ठेवून काम करायची, सबस्टेशनात नोंदलेली परवानगी. जीव घेणारा मुद्दा हाच. मराठवाड्यात शेतीची थ्री फेज ठरल्या वेळी येते. वेळ झाली की सबस्टेशनचा ऑपरेटर फीडर चालू करणार; परभणीच्या शिवारात कुणी खांबाला लटकलंय हे त्याला स्वप्नात दिसणार आहे का? त्याच्या रजिस्टरला परमिटची नोंद असेल तरच त्याचा हात थांबतो. आणि परमिट घेतलं तरी तार मेली असं धरायचं नाही. एखाद्या मंगल कार्यालयानं चेंजओव्हरशिवाय (लायनीची आणि जनरेटरची वीज वेगळी ठेवणारा स्विच) जनरेटर जोडला, तर वीज एलटीतून (घरांना जाणारी कमी दाबाची लाईन) उलटी डीपीत (ट्रान्सफॉर्मर) शिरते आणि पलीकडे 11 हजार व्होल्ट होऊन निघते. म्हणून आधी लाईन टेस्टर, मग कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीशी जोडणारी हुकाची काठी. रॉडची वायर पहिल्यांदा अर्थिंगला आवळायची, हुक तारेवर नंतर. काढताना हुक आधी. बऱ्याच पोरांचा हा क्रम घाईत उलटा होतो.

‘डीओ पाडले की डीपी मेली.’ डीओ म्हणजे डीपीच्या वरच्या बाजूचे, उघडून खाली पाडायचे फ्यूज. त्याची नळी खाली लोंबते, पण वरच्या जबड्यात 11 केव्ही तसाच असतो, हातभर अंतरावर. एबी स्विचचंही (खालच्या हँडलनं लाईन तोडणारा खांबावरचा स्विच) तेच: हँडल खाली आलं तरी एखाद्या फेजचं पातं अडकून राहतं. मान वर करून तिन्ही पाती उघडलेली बघायची.

‘रबरी चप्पल असली की शॉक लागत नाही.’ खांबावर कोपर नाहीतर गुडघा लोखंडी अँगलला टेकलेला असतो. करंट चप्पल बघायला खाली जात नाही.

‘एलटी नुसता झटका देते.’ घामेजल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला, तर 230 व्होल्टला 230 मिलीअँपिअर. घरातला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) 30 मिलीअँपिअरवरच का पडतो, याचा विचार करा.

‘हातमोज्यात पक्कड धरता येत नाही.’ हे अर्धं खरं आहे. जाड मोज्यात बोटं वळत नाहीत. पण केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या सुरक्षा विनियमांप्रमाणे हातमोजे, बेल्ट, हेल्मेट, टेस्टर, अर्थिंगचं साहित्य कामगाराला पुरवायचं असतं. ठेकेदाराकडं मागायला लाजायचं काय? मोजा मिळाला की मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडायची. कुठं फुस्स झालं तर तो बाद.

‘पहिल्याच दिवशी चढवला की भीती मोडते.’ भीती मोडलेला पोरगा मला नको. त्यानं आधी खाली राहून दोरीनं सामान वर द्यावं, कोण कुठं चढलंय ध्यानात ठेवावं. सगळे उतरलेत आणि दोन्ही रॉड निघालेत हे मोजल्याशिवाय परमिट परत करायला फोन लावू नये.