गुळवेल कुंडीत जरूर लावा, पण रोज उपाशीपोटी पिऊ नका

‘पाच कुंड्या लावा, दवाखाना विसरा’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. त्यात म्हटलंय: तुळस रात्रंदिवस ऑक्सिजन आणि ओझोन देते, गुळवेलीचा काढा बारा महिने उपाशीपोटी घ्या, कोरफडीचं पान सालीसकट मिक्सरमधून काढा, अडुळसा कुणालाही चालतो. घरचं आहे, अपाय नाहीच. मेसेजमधली ही चारही झाडं माझ्या गॅलरीत आहेत, मी ती वापरते, म्हणूनच हे लिहितेय.

तुळशीचं थोडक्यात सांगते. रात्री ऊन नसतं, तेव्हा तुळसही आपल्यासारखीच ऑक्सिजन घेते. ओझोन ती सोडत नाही, आणि सोडला असता तर तिला घराबाहेर ठेवावं लागलं असतं, कारण ओझोन फुफ्फुसांना घातक आहे.

खरी काळजी गुळवेलीची. कोरोनाच्या काळात घरोघरी तिचे काढे सुरू झाले. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईत गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद डॉक्टरांनी केली. २०२१ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की लोकांनी गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली असावी. ही शंका रास्त होती. त्या वेलीच्या खोडावर दाट पुटकुळ्या असतात आणि नर्सरीत दोन्ही ‘गिलोय’ (गुळवेलीचं हिंदी नाव) म्हणून विकल्या जाताना दिसतात. पण पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांनी गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेल्या ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यांतल्या बऱ्याच जणांच्या शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटली होती. म्हणजे ओळख पटवून लावलेली वेलही प्रत्येकाला चालेलच असं नाही. थायरॉइडचा किंवा संधिवाताचा असा ‘ऑटोइम्यून’, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार असेल, यकृताचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर जास्त उतरू शकते. काढा घेताना लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, तर काढा त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टरांना काय घेत होतात ते स्पष्ट सांगा. ‘घरचंच तर आहे’ म्हणून हीच गोष्ट सांगायची राहते.

आमच्याकडे गुळवेल तापात निघायची. बोटाएवढा तुकडा ठेचायचा, उकळायचा, वैद्य सांगतील तितके दिवस द्यायचा, ताप उतरला की बंद. वर्षभर रोज पिण्याची चाल या मेसेजची आहे.

कोरफडीचं पान कापलं की कडेने पिवळा, कडवट चीक ओघळतो. हाच वाळवला की काळा बोळ होतो, म्हणजे जालीम रेचक. सालीसकट वाटलं की तो सगळा पोटात जातो. पोटात मुरडा येतो, जुलाब होतात. पान कापून उभं ठेवा, चीक निथळू द्या, साल काढून धुवा आणि आतला पारदर्शक गरच घ्या.

अडुळसा खोकल्यावर गुणकारी आहे, यात वाद नाही. खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन त्याच्या पानांतल्या व्हॅसिसीन या घटकावरूनच बनवलं गेलं. पण तेच व्हॅसिसीन गर्भाशय आकुंचन पावायला लावतं, म्हणून गरोदरपणात अडुळसा नको. आणि रस मधातून देताना बाळ वर्षाच्या आतलं असेल तर मध मुळीच देऊ नका.