विचारलंस कुठे?

आज सकाळी एका माणसाने माझी चार रात्रींची तपश्चर्या ताटलीत ओतली. अजून घशाखाली उतरलेलं नाही, म्हणून लिहितोय.

डुकरीण व्याली, सहा पिल्लं झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती गेली. पिल्लांच्या पोटात निदान चीक तरी गेला होता. रोगाशी झगडायची ताकद यांना आईच्या पोटात मिळत नाही, ती पहिल्या दिवसाच्या चिकातूनच येते. पुढचं सगळं माझ्या अंगावर आलं. ‘अगदी तान्ह्या बाळासारखं सांभाळायचं,’ असं सांगणाऱ्याने एकतर बाळ पाहिलेलं नसावं, नाहीतर डुक्कर. तान्हं बाळ सुईसारखे आठ दात घेऊन जन्माला येत नाही.

डुकरीण साधारण तासातासाने पाजते. मी दोन तासांवर तडजोड केली, तरी सहावं आटपेपर्यंत पहिलं पुन्हा बोंबलायला लागलेलं. त्यात यांना सुरुवातीला ३२ ते ३५ अंश ऊब लागते. म्हणजे दिव्याखाली मी घामाने निथळतोय आणि ती मात्र थंडीने मेल्यासारखी एकमेकांवर रचलेली. शिवाय आईपाशी प्रत्येक पिल्लाचा सड थोड्याच दिवसांत ठरून जातो, मग तो सहसा कोणी सोडत नाही. एवढी शिस्त माणसांच्या रांगेत नसते. माझ्याकडे बाटली एक. त्यामुळे मालकीहक्काची सगळी मारामारी माझ्या मांडीवर.

आणि हे सगळं बघायला कुंपणावर हनुवटी टेकवून शेजारचे काका. तिसऱ्या दिवशी लोहाचं इंजेक्शन दिलं (आईच्या दुधात लोह जेमतेम असतं), तेव्हा पिल्लाने अशी किंकाळी फोडली की काका धावत आले. मला वाटलं, मदतीला. तर म्हणाले, “तू ठीक आहेस ना? आवाज तुझाच वाटला.”

आज सकाळी पुन्हा हजर.

“काय रे, पितात का?”

“पितात की. बघताय ना.”

“तो मधला पीत नाहीये.”

“पितोय, काका.”

“नाकातून येतंय त्याच्या.”

खरंच येत होतं. पिल्लाला उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जाऊ शकतं, हे मी वाचलं होतं. पण वाचलेलं पहाटे पाचला आठवत नाही. मी घाईघाईने त्याला पालथं केलं. काका प्रसन्न.

“पण तू बाटलीने का पाजतोस?”

“मग कशाने पाजू?”

“ताटलीत ओत.”

“अहो, सहा दिवसांची पिल्लं आहेत!”

“डुकराचीच ना?”

काका आत आले, माझीच ताटली घेतली, बोटभर कोमट दूध ओतलं आणि एकाचं नाकाड अलगद त्यात टेकवलं. पिल्लू फिस्सकन शिंकलं. जीभ फिरवली. थबकलं. मग सुर्रर्र! ते ऐकून दुसरं आलं, तिसरं आलं, आणि पाच शेपट्या एका ताटलीभोवती वळवळायला लागल्या. चार रात्रींचं काम पाच मिनिटांत.

“काका, हे आधी का नाही सांगितलंत?”

“तू विचारलंस कुठे?”

विचारलं कुठे! या माणसाने चार दिवस रोज अर्धा तास उभं राहून माझी कंबर मोडताना पाहिली. तेवढ्यात दिव्याची उंची, माझं सुटलेलं पोट, माझी बसायची पद्धत, सगळ्यावर न विचारता मत दिलं. उपयोगाची तेवढी एकच गोष्ट विचारल्याशिवाय सांगायची नव्हती. आणि वर बरोबर ठरले तेही काकाच! चुकले असते तर मी केव्हाच माफ केलं असतं.

सहावं पिल्लू मात्र चारही पाय घेऊन ताटलीत उभं राहिलं आणि पोटाला दूध लागत असताना माझ्या हातातल्या बाटलीकडे बघून उपाशी असल्यासारखं ओरडायला लागलं.

“हा तुझ्यावर गेलाय,” काका म्हणाले, आणि चालू लागले.